दोराचे दुसरे टोक : बंदिस्त जागांतील श्रम, सुरक्षा आणि जात

लंडनच्या जुन्या शहरभागात पोस्टमन्स पार्क नावाची एक लहानशी बाग आहे. तिथे एका छपराखालच्या भिंतीवर चकचकीत फरशांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. दुसऱ्यांचे प्राण वाचवताना स्वतःचे प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची स्मृती राहावी, म्हणून चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या कल्पनेतून हे स्मारक १९०० साली उभे राहिले. त्यातील एका पाटीवर चार नावे एकत्र आहेत. १ जुलै १८९५ रोजी ईस्ट हॅम येथील मलजल उपसा केंद्रात आपल्या एका सोबत्याला वाचवण्याच्या प्रयत्नात हे चौघे मरण पावले. सोबती आधी विहिरीत उतरला होता आणि विषारी वायूने कोसळला होता. त्याला काढायला एक गेला, तो परत आला नाही. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा, मग चौथा. मूळ सोबती धरून पाच माणसे गेली. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास केला आणि हायड्रोजन सल्फाइड या वायूकडे बोट दाखवले.

पाटीवर त्या चौघांचे शौर्य कोरले आहे आणि ते यथायोग्यच आहे. मात्र त्या दिवशी विहिरीच्या तोंडाशी कोणती व्यवस्था होती, हे पाटी सांगत नाही. आतली हवा कोणी तपासली होती? उतरणाऱ्याच्या कमरेला दोर होता का? दोर असेल, तर त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते? गेल्या दीडशे वर्षांत बंदिस्त जागांतील कामाविषयी जे कायदे झाले, ते सारे याच प्रश्नांची उत्तरे शोधत पुढे आले आहेत. ही उत्तरे केव्हाच सापडली आहेत. ती काही माणसांपर्यंत पोचली आणि काहींपर्यंत पोचली नाहीत. असे का झाले, याचा विचार या लेखात करायचा आहे.

बंदिस्त जागा म्हणजे काय?

जिथे माणूस शरीराने आत जाऊन काम करू शकतो, पण जिथे जाण्यायेण्याची वाट अपुरी असते, आणि जी जागा माणसाने सतत वावरावे म्हणून बांधलेलीच नसते, ती बंदिस्त जागा. तेलाची टाकी, जहाजाचे पोट, बॉयलर, धान्याची कोठी, मोठी नळवाहिनी, विहीर, गटाराचे मॅनहोल, सेप्टिक टँक ही सगळी याच कुळातली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांत भय वाटत नाही. धोका दिसत नाही, हाच त्यांचा मोठा धोका.

मोकळ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्के असते. लोखंडी टाकी आतून गंजत असेल, सेंद्रिय पदार्थ कुजत असतील, तर बंद जागेतला प्राणवायू मुकाट्याने संपत जातो. मैल्यातून मिथेन निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस दोन पायऱ्या आणखी खाली उतरतो आणि तिथेच कोसळतो. अनुभवी कामगाराचे नाकसुद्धा येथे भरवशाचे राहत नाही.

हे ज्ञान आपल्या मातीला अगदी परके नव्हते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली आहेत. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचे, तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. गावोगावच्या जुन्या विहिरींबाबतही लोक अशीच खबरदारी घेत. कंदिलाला मर्यादा होत्या. प्राणवायू कमी आहे एवढे तो सांगे, विषारी वायूची वर्दी देत नसे; आणि मिथेन असेल तर तोच स्फोटाचे निमित्त ठरे. तरीही त्या रीतीत एक मोठे शहाणपण होते : माणसाच्या आधी दुसरे काहीतरी आत पाठवा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत माणसाला थांबवा.

खाणींनी शिकवलेले दोन धडे

हे शहाणपण कायद्यात उतरायला माणसांचे मोठे बळी जावे लागले. १६ जानेवारी १८६२ रोजी उत्तर इंग्लंडमधील हार्टली येथील कोळसाखाणीत पाणी उपसणाऱ्या यंत्राची अवजड तुळई मोडून खाणीच्या उभ्या विवरात कोसळली. वर येण्याची तीच एक वाट होती आणि ती बुजून गेली. २०४ पुरुष आणि मुले मरण पावली. आत अडकलेली बहुतेक माणसे वायूने गुदमरून गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला की, खाणीला बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असल्याच पाहिजेत. पहिला धडा असा : आत जाण्याच्या वाटेइतकाच बाहेर येण्याच्या वाटेचा विचार आधी झाला पाहिजे.

दुसरा धडा हॉल्डेन यांनी दिला. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. तेथील मृतांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, अनेक जण स्फोटाच्या तडाख्याने गेले नव्हते. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले होते. माणसाच्या आधी या वायूने बाधित होणारे लहान प्राणी आणि पक्षी सोबत न्यावेत, असे त्यांनी सुचवले. कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे ब्रिटिश खाणींत शिरले ते यातून. १९८६ मध्ये त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मापकांनी घेतली. धडा असा, की हवेची परीक्षा ही अंदाजाची बाब नसून मोजमापाची बाब आहे, आणि ती माणूस आत जाण्यापूर्वी व्हायला हवी.

कलम ३६ आणि बाहेर उभा माणूस

खाणींचे हे धडे कारखान्यांच्या कायद्यांत आले. ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाना कायद्यात विषारी धुराच्या बंद जागांविषयी स्वतंत्र तरतूद होती. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये स्वतःचा कारखाना कायदा केला. तो १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याचे कलम ३६ आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल, पण ते वाचण्यासारखे आहे.

या कलमाने कारखान्यातील कोणतीही टाकी, हौद, खड्डा, नळ, धुराडे किंवा अन्य बंदिस्त जागा विचारात घेतली. जिथे विषारी वायू असण्याची शक्यता आहे, तिथे पुरेशा आकाराचे मॅनहोल किंवा बाहेर पडण्याचा दुसरा परिणामकारक मार्ग असल्याखेरीज कोणीही आत जाऊ नये, कोणाला जाऊही देऊ नये. वायू काढून टाकण्याचे सर्व व्यवहार्य उपाय झालेले असले पाहिजेत. त्यानंतर दोनपैकी एक अट पुरी व्हावी : जाणकार व्यक्तीने स्वतः हवेची तपासणी करून ती जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला द्यावा; अथवा आत जाणाऱ्याने श्वसनसाधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर असावा आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. श्वसनसाधने, पट्टे आणि दोर तत्काळ वापरता येतील अशा स्थितीत जवळ ठेवावेत आणि ती वापरण्याचा सराव असलेली पुरेशी माणसे कारखान्यात असावीत, असेही हे कलम सांगत होते.

येथे कायद्याच्या भाषेत दोन माणसे समोरासमोर येतात. एक आत, एक बाहेर, आणि दोघांना जोडणारा दोर. बाहेरचा माणूस ही चैन नाही, ती अट आहे.

मात्र या कायद्याला एक उंबरठा होता. तो कारखान्याला लागू होता. कायद्यातील व्याख्येनुसार मलजल उपसणे हीसुद्धा उत्पादन-प्रक्रिया गणली जात होती, त्यामुळे उपसा केंद्र या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होते. परंतु त्या केंद्रापर्यंत मैला वाहून आणणारी रस्त्याखालची गटारवाहिनी कारखाना ठरत नव्हती. पाणी तेच, वायू तोच, मरणही तेच; फक्त भिंतीच्या अलीकडे दोर होता आणि पलीकडे नव्हता. आणि भिंतीच्या पलीकडे, रस्त्यावरचे झाकण उचलून आत उतरणारा माणूस कोणत्या समाजातून येत होता, हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही.

तीन माणसे, तीन जबाबदाऱ्या

अमेरिकेत हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. तेथील व्यवसायजन्य सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९७९ मध्ये बंदिस्त जागांतील कामाविषयी निकष प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये तिने एक इशारा दिला, त्यातील एक वाक्य हादरवणारे होते : बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण हे वाचवायला गेलेले असतात. म्हणजे ईस्ट हॅमची विहीर हा अपवाद नव्हता. तो नियम होता. माणुसकीच माणसाला आत ओढत होती. म्हणून माणुसकीला पद्धतीचा आधार देणे भाग होते.

१४ जानेवारी १९९३ रोजी ओशा या अमेरिकी सुरक्षा प्रशासनाने परवानगी आवश्यक असलेल्या बंदिस्त जागांविषयीचा नियम प्रसिद्ध केला. या नियमाने कामाच्या जागी तीन भूमिका नेमून दिल्या.

पहिला, आत उतरणारा. त्याला कोणता धोका आहे, त्याची लक्षणे कोणती, हे ठाऊक असले पाहिजे. दिलेली साधने त्याने नीट वापरावीत, बाहेरच्या माणसाशी सतत संपर्क ठेवावा, धोक्याची चाहूल लागताच तसे कळवावे आणि बाहेर येण्याची आज्ञा मिळाली की विलंब न लावता बाहेर यावे. आत जाण्यापूर्वी हवेची जी चाचणी होते, ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. ही शेवटची बाब लहान वाटते, पण तिच्यात कामगाराविषयीचा मोठा आदर आहे. यंत्रावरचा आकडा हा त्याच्या जिवाचा आकडा आहे, तेव्हा तो पाहण्याचा अधिकारही त्याचाच.

दुसरा, तोंडाशी थांबणारा. आखाती देशांतील तेलप्रकल्पांवर आपली माणसे त्याला होल वॉच म्हणून ओळखतात. आत किती जण आहेत, कोण आहेत, याची बिनचूक नोंद त्याच्याकडे असते. बदली माणूस आल्याखेरीज त्याने जागा सोडायची नाही. लक्ष विचलित होईल असे दुसरे कोणतेही काम त्याला सांगता येत नाही. चहा आणायला सुद्धा पाठवता येत नाही. आतल्याच्या बोलण्यात, हालचालीत काही वेगळे जाणवले तर सर्वांना बाहेर बोलावण्याचा अधिकार त्याला आहे. आणि त्याच्यासाठीचा सर्वांत कठोर नियम : आतला माणूस कोसळला तरी त्याने त्याच्यामागे आत उडी घ्यायची नाही. दोर, तिपाई आणि कप्पीच्या साहाय्याने बाहेरूनच ओढायचे आणि बचाव पथकाला बोलवायचे. पाच फुटांहून खोल असलेल्या उभ्या जागेत माणूस ओढून काढणारे यंत्र तोंडाशी असावे, असे नियम सांगतो. पोस्टमन्स पार्कमधल्या पाटीला मिळालेले उत्तर म्हणजे हा बाहेर थांबणारा माणूस.

तिसरा, परवानगी देणारा पर्यवेक्षक. चाचण्या झाल्या की नाही, वीज, वाफ, द्रव यांचे मार्ग बंद केले की नाही, बचाव पथक खरोखर उपलब्ध आहे की नाही, हे पडताळून तो परवान्यावर सही करतो. चाचण्यांचा क्रमही ठरलेला आहे : आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ टक्क्यांच्या वर असेल, तर ती हवा धोकादायक. परिस्थिती बदलली तर परवाना रद्द करणे हे त्याचे कर्तव्य. त्याची सही हा केवळ कागदी सोपस्कार नसतो. अपघात झाला तर जबाब द्यावा लागतो तो त्या सहीला.

हा नियम सर्वसाधारण उद्योगांपुरता होता. बांधकाम क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम व्हायला २०१५ उजाडले. दरम्यान ब्रिटनने १९९७ मध्ये बंदिस्त जागांविषयीचे नियम केले आणि ते जानेवारी १९९८ मध्ये अमलात आले. त्यांची मांडणी वेगळी, पण क्रम विचार करण्यासारखा आहे. पहिले कर्तव्य : बाहेरूनच काम होण्यासारखे असेल, तर माणसाला आत पाठवूच नका. पाठवणे अपरिहार्य असेल, तर सुरक्षित कार्यपद्धती आखा. आणि माणूस आत जाण्याच्या आधीच त्याला बाहेर काढण्याची सिद्धता करून ठेवा.

एकाच वर्षाचे दोन कायदे

ज्या १९९३ साली अमेरिकेत हे तीन कर्तव्यांचे सूत्र आले, त्याच १९९३ साली भारतानेही एक कायदा केला. हाताने मैला वाहून नेण्याच्या कामावर माणसे ठेवणे आणि कोरडे संडास बांधणे यांना मनाई करणारा हा कायदा आरंभी महाराष्ट्र आणि गोव्यासह सहा राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला, तोही २६ जानेवारी १९९७ पासून. त्याचे महत्त्व नाकारता येणार नाही. डोक्यावरून मैला वाहण्याच्या अमानुष प्रथेला त्याने प्रथमच देशपातळीवर गुन्हा ठरवले. पण त्याची नजर कोरड्या संडासावर होती. गटारात उतरणारा माणूस त्याच्या व्याख्येत आला नाही. तोंडाशी कोणी थांबावे, हवा कोणी तपासावी, दोर कोणी धरावा, याविषयी तो मौन राहिला. कारखान्याच्या कायद्याने ज्याला उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्याला या कायद्यानेही आत घेतले नाही.

ही पोकळी भरायला आणखी वीस वर्षे लागली आणि ती मुख्यतः सफाई कामगारांच्या चळवळींनी व न्यायालयीन लढ्यांनी भरली. २०११ मध्ये दिल्ली जल बोर्डाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर आहे, हे ठणकावले. २०१३ मध्ये नवा कायदा झाला आणि तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. सोबतच्या नियमांनी संरक्षक साधनांची यादी दिली, विषारी वायू आणि प्राणवायू यांची चाचणी सांगितली, आणि कामाच्या ठिकाणी किमान तीन कर्मचारी सतत हजर असावेत, त्यांतील एक पर्यवेक्षक असावा, अशी अट घातली. आत, तोंडाशी आणि वर देखरेखीला अशी तीन माणसे अखेर भारतीय नियमांतही आली.

२७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख झाली. कायदा आहे, नियम आहेत, भरपाई आहे. आणि तरीही, सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली. या मृत्यूंच्या बातम्या वाचल्या तर ईस्ट हॅमचीच कथा पुन्हा पुन्हा भेटते : एक उतरला, त्याला काढायला दुसरा, त्याला काढायला तिसरा. बहुधा भाऊ, बाप, लेक किंवा एकाच वस्तीतले सोबती.

श्रमांची वाटणी आणि माणसांची वाटणी

लंडनला १८९५ मध्ये जे ठाऊक नव्हते, ते आज कोणत्याही महापालिका अभियंत्याला ठाऊक आहे. तेव्हा अज्ञान हे कारण आता पुरेसे नाही. येथे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेला एक भेद उपयोगी पडतो. जातीचे समर्थक जातीला श्रमविभागणी म्हणतात. बाबासाहेबांनी दाखवले की ती विभागणी श्रमांवर थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांनाच वेगळे करते आणि जन्माने त्यांची जागा ठरवते.

या भेदाच्या उजेडात मॅनहोलचे तोंड पाहा. ओशाच्या नियमातील तीन भूमिका ही खरी श्रमविभागणी आहे. योग्य प्रशिक्षण मिळाले की आज आत उतरणारा उद्या तोंडाशी थांबू शकतो आणि अनुभवाने परवा परवान्यावर सही करू शकतो. जागा बदलता येते, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करता येते. दोर धरणाऱ्याला ठाऊक असते की उद्या तोच दोर त्याच्या कमरेला असेल. म्हणूनच तो हातातला दोर सैल सोडत नाही.

आपल्या शहरांतल्या गटारांवर मात्र कोण आत उतरणार, हे प्रशिक्षणाने ठरत नाही. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत नोंदवलेल्या गटार व सेप्टिक टँक कामगारांच्या आकडेवारीत सुमारे ६८ टक्के कामगार अनुसूचित जातींचे आढळले. ज्याला कधीच आत उतरावे लागणार नाही, अशा माणसाच्या हाती परवानगी आणि ज्याला कधीच परवानगी देता येणार नाही, अशा माणसाच्या वाट्याला अंधार, असा हा प्रकार आहे. दोन्ही टोकांची माणसे एकमेकांच्या जागी येऊ शकत नाहीत, तिथे दोराची गरज वाटेनाशी होते. मग मुकादम दोर आणत नाही, कंत्राटदार मापक विकत घेत नाही, आणि अपघातानंतर कामगाराने साधने वापरली नाहीत असे छापून येते. साधनांच्या अभावामागे जिवाची किंमत ठरवणारी व्यवस्था उभी आहे.

बाबासाहेबांनी श्रमाच्या या प्रश्नाकडे जवळून पाहिले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी झरियाच्या कोळसाक्षेत्राला भेट दिली आणि जमिनीखाली उतरून खाणकामगारांचे काम प्रत्यक्ष पाहिले. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. १९४८ चा कारखाना कायदा जगजीवन राम मजूरमंत्री असताना झाला, पण त्याची वाट ज्या वर्षांत तयार झाली ती ही वर्षे. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या अनुच्छेद ४२ ने न्याय्य आणि मानवी कामाच्या परिस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मॅनहोलच्या तोंडाशी हे दोन अनुच्छेद एकमेकांना भेटतात. एकाचे उल्लंघन झाल्याखेरीज दुसऱ्याचे होत नाही.

दूरदेशी राहून आपल्या हाती काय?

आपल्यापैकी अनेक जण आज अशा देशांत राहतात, जिथे हे नियम रोजच्या कामाचा भाग आहेत. कोणी तेलशुद्धीकरण प्रकल्पात परवान्यांवर सह्या करतो, कोणी जहाजदुरुस्तीच्या गोदीत होल वॉच म्हणून उभा राहतो, कोणी पाणीपुरवठा संस्थेत अभियंता आहे. अनेकांच्या आधीच्या पिढ्या मुंबईच्या किंवा नागपूरच्या सफाई खात्यात राबल्या. एकाच कुटुंबात आजोबांच्या कमरेला दोर नव्हता आणि नातवाच्या खिशात चार वायू मोजणारा मापक आहे. या दोन पिढ्यांमधले अंतर शिक्षणाने कापले. आणि ज्यांना ते कापता आले नाही, ते अजून तिथेच आहेत.

आणखी एक गोष्ट थेट आपल्या दाराशी येते. आपल्यापैकी अनेकांची मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घरे आहेत. आपण तेथील गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहोत. गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेची सेप्टिक टाकी साफ करताना डिसेंबर २०१९ मध्ये तिघे जण मरण पावले. त्यांच्या विधवा पत्नींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या कायद्याची मनाई महापालिकेपुरती नाही. खासगी व्यक्ती आणि संस्थाही तिच्या कक्षेत आहेत. वार्षिक सभेत सर्वांत स्वस्त कंत्राटाला हात वर करून मान्यता देणारा सभासद हा त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, तो लंडनमध्ये असो वा दुबईत.

म्हणून पुढच्या सभेची सूचना ईमेलने येईल तेव्हा चार प्रश्न लिहून पाठवावेत. टाकी यंत्राने बाहेरून उपसली जाणार आहे का? माणसाला उतरवण्याची वेळ येऊ नये म्हणून काय केले आहे? तशी वेळ आलीच, तर हवा कोण मोजणार आणि तोंडाशी कोण थांबणार? आणि कागदावर जबाबदारीची सही कोणाची? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत कंत्राटाला संमती देऊ नये. ब्रिटनच्या नियमाने पहिले कर्तव्य म्हणून जे सांगितले, ते आपल्या सोसायटीतही पहिलेच असू शकते : यंत्र जाऊ शकते तिथे माणूस जाणार नाही. केरळमधील तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला लावून दाखवला आहे; मैला ओढणारी आणि पाण्याचा जोरदार मारा करणारी वाहने तर त्याच्याही आधीपासून आहेत. साधने आहेत. ती भाड्याने आणायला काही हजार रुपये अधिक लागतात, एवढेच. त्या काही हजारांची वर्गणी सभासदांनी वाटून घ्यावी आणि पावतीवर तसे कारणही लिहावे.